हरताळ कोणती?

दगड विकणारा म्हटलं की लोकांना गिट्टीचा ट्रक आठवतो. मी खायचे दगड विकतो. हिंगणघाटच्या बाजारात आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे, आजोबांच्या वेळचं. निम्मा माल झाडाचा: साली, मुळ्या, बिया, डिंक. तो उजव्या हाताला, आणि ती बाजू माझी बायको कल्पना सांभाळते. डाव्या हाताला दगड: सैंधव, तुरटी, गेरू, शंखजिरे, गोदंती, सुरमा. ती बाजू माझी. झाडाचा माल वासावर कळतो, कीड लागली तर दिसते. दगड गप्प असतो. जो खायचा तो गप्प, आणि ज्याने माणूस मरतो तोही गप्प. सकाळी शटर वर करताना माझी नजर आधी डावीकडे जाते. कोणता डबा कुठे आहे, हे मी रोज नव्याने पाहून घेतो. कल्पना हसते. हसू दे.

या अंकासाठी दुकानातल्या गमती लिहा, असा निरोप आला आणि मी हो म्हणून बसलो. गमती आहेतही. पण त्या सांगून थांबलो तर नेहमीसारखंच होईल, म्हणून एखादीच सांगतो आणि पुढे जातो.

आधी दगड ओळखतात कसे, ते. सामान फार लागत नाही. अंगठ्याचं नख, तांब्याचं जुनं नाणं, पोलादी चाकू, काचेचा तुकडा आणि बाथरूमच्या टाइलची मागची खडबडीत बाजू. दगडावर नख ओढायचं. शंखजिऱ्यावर ते लोण्यात गेल्यासारखं जातं, बोटाला साबण लागल्यासारखं वाटतं. गोदंतीवरही ओरखडा उठतो, पण जरा जोर लावावा लागतो. नख हरलं तर नाणं. पांढरा सुरमा नाण्याला दाद देतो. नाणं हरलं तर चाकू. चाकूही हरला आणि उलट दगडानेच काचेवर रेघ मारली, तर ती आपली गारगोटी, जी इथल्या शेतांत पायाखाली येते. मग टाइलवर घासून कस पाहायचा, सोनार सोन्याचा पाहतो तसाच. दगड दिसतो एका रंगाचा, पूड निघते भलत्याच रंगाची. काही गेरू वरून काळेकुट्ट असतात आणि टाइलवर लालभडक रेघ सोडतात. मग तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचा, आणि फोडून पाहायचं. सैंधव चौकोनी फुटतं, पांढरा सुरमा तिरपा, आणि गोदंती उभी चिरते, गाईच्या दातांच्या रांगेसारखी. जीभ लावायची ती फक्त सैंधवाला, आणि तीही सगळं झाल्यावर. बाबांनी मला एकदाच मारलं, अनोळखी खडा जिभेला लावला म्हणून. मारून झाल्यावर त्यांनीच मला पुन्हा पुन्हा चूळ भरायला लावली.

आता ती गंमत. जाम गावाच्या चौकात ढाबा चालवणारा एक गृहस्थ विहिरीच्या खोदकामात निघालेला चकाकता खडा रुमालात बांधून घेऊन आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "हिरा हाय भाऊ. कोनाले सांगू नका." मी चाकू उचलला आणि खड्यावरून ओढला. पांढरी रेघ उठली.

तो ओरडलाच, "अरे राजा, माह्या हिऱ्याले खरवडलं ना तुमी!"

"हिऱ्यावर चाकू चालत नाही," मी म्हणालो.

"तुमचा चालते. तुमचा चाकूच तसा हाय."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या ढाब्यावरचा कांदे कापायचा चाकू घेऊन आला. त्याचीही रेघ उठली, तेव्हा चहा पिऊन गेला. अजूनही जामवरून जाताना दिसलो की मला बळजबरीने उतरवतो, भजी खाऊ घालतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो, "ह्या माणसानं माह्यं करोडोचं नुकसान केलं."

लोक हसतात. मला मात्र त्यात माझा स्वभाव दिसतो. वाईट बातमी मी तोंडाने देत नाही. चाकू ओढतो, टाइल पुढे करतो, समोरच्याने काय ते समजून घ्यावं. बाजारात याला शहाणपण समजतात. 'शेठ कमी बोलते, पन माल खरा' असं नाव आहे दुकानाचं. ते नाव जाईल या भीतीखाली मी किती वाकलेलो आहे, हे मलाच या पोळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

हरताळ नावाचा एक दगड आहे. 'वचनाला हरताळ फासणं' म्हणतो ना, तीच ही हरताळ. जर्द पिवळी, पापुद्र्यांची, सोन्याची झाक असलेली. पोथीतलं चुकलेलं अक्षर पूर्वी तिच्या लेपाने झाकत. ती सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या कुळातली, विष. आमच्याकडे रंगापुरती यायची, आणि नेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. आता गंमत म्हणा की घात म्हणा, खालच्या फळीवरच्या गोदंतीचं जुनं नाव आहे गोदंती हरताळ. तिच्यात विष नावाला नाही. प्लास्टरची पांढरी भुकटी ज्या दगडापासून होते, तोच हा दगड. त्याला हे आडनाव कोणी चिकटवलं, मला माहीत नाही. खेड्यापाड्यातल्या बायका तापावर गोदंती नेतात. कोरफडीचा गर चोपडून गोवरीच्या आरात ठेवतात, फुलून पांढरी झाली की चिमूटभर मधातून चाटवतात. आणि मागताना पुष्कळजणी पहिला शब्द गाळतात. नुसतं म्हणतात, "हरताळ द्या."

नखाला या दोघी सारख्याच. दोघींवर ओरखडा उठतो, दोघींना मोत्यासारखी चमक. फरक रंगाचा, कसाचा आणि वजनाचा. हरताळीची रेघ पिवळी, आणि खडा हाताला जड. आणखी एक फरक आगीत कळतो. हरताळ तापली की लसणाचा वास सुटतो. पण तो वास आला याचा अर्थ धूर नाकात गेलेला असतो.

म्हणून बाबांच्या वेळेपासून दुकानात शिस्त आहे. कोणी हरताळ म्हटलं की हात थांबवायचा आणि विचारायचं, "कोणती?"

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ते विचारलं नाही.

बाजारात घुंगरमाळा, झुली, वेसणी घेणाऱ्यांची रेटारेटी होती. आमच्याकडे बैलांच्या शिंगांसाठी हिंगूळ आणि गेरू नेणारे. त्यात अल्लीपूरचे मारोतराव सुतार आले. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्यानंतरच्या पोरांच्या पोळ्यासाठी, ते लाकडी नंदी घडवतात. विकायच्या नंद्यांना डब्यातला रंग, पण देव्हाऱ्याशेजारी ठेवायच्या घरच्या नंदीला त्यांना हरताळच लागते. "भाऊ, हरताळ द्या. घरच्या नंदीचे शिंग राह्यले." त्यांना विचारायची गरज नव्हती. मी वरचा डबा उतरवला, मोठा खडा हातोडीने फोडला, अर्धा कागदात बांधून त्यांना दिला.

त्यांच्या शेजारून एक बाई पुढे झाली. डोक्यावर पदर, कपाळावर घाम. "मलेबी हरताळच द्या भाऊ. लवकर करा बाप्पा, गाडी निंगून जाईन."

उरलेला अर्धा खडा काट्यावरच होता. मी तो बांधला. तिने पुडी न पाहता थैलीत टाकली आणि गेली. मागचा माणूस हिंगूळ मागत होता.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा कल्पना म्हणाली, "ती बाई कोण हो? माझ्या कुंडीतली कोरफड मागून घेऊन गेली. चांगलं मोठं पान दिलं मी."

"कोणती बाई?"

"मारोतरावांच्या बाजूला होती ती. हरताळ नेली ना तिनं."

रंगवणाऱ्याला कोरफड लागत नाही.

मी खालच्या फळीवरचा गोदंतीचा डबा उघडला. सकाळी काठोकाठ भरलेला तसाच होता. झाकण माझ्या हातातच राहिलं. कल्पनाने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही."

मारोतरावांचा नंबर होता, लावला आणि सकाळी त्यांच्या शेजारी उभी होती ती बाई कोण, ते विचारलं.

"थे? थे आमच्या गल्लीतली कांताबाई व्हय. पोट्टी आली तिची बाळंतपणाले, नात झाली. पन पोरीचा ताप उतरून नाई राह्यला. दवाखान्याच्या गोळ्या चालू हायेत, पन मायचा जीव. काऊन, का झालं?"

"तुम्ही घरी आहात?"

"नाई जी, अठीच हाओ हिंगणघाटात, कटिंगले बसलो. कांताबाईपाशी फोन नाई. आमच्या घरी लावू का? आमची बाई जाईन पटकन, दोन घरं सोडून तर हाय."

"नको, नको. मापात जरा फरक पडला. मी पाहतो."

"लावतो ना, त्यात काय?"

"नको म्हटलं ना मारोतराव!"

आणि मी फोन ठेवला. त्या क्षणी डोक्यात काय होतं ते आता लिहितो. बाळंतीण होती, तान्ही पोर होती, हे खरं. पण त्या दोघी मनात नंतर आल्या. आधी आलं ते असं: मारोतराव बायकोला सांगणार, बायको गल्लीतून ओरडत जाणार, 'हिंगणघाटच्या शेठनं विष देलं', आणि उद्या पोळ्यात बैलांच्या रांगेपाशी उभा असलेला सारा गाव तेच बोलणार. एका फोनचं काम होतं. मी त्याऐवजी खिशात गोदंतीची पुडी घातली आणि गाडीला किक मारली. गुपचूप बदलून आणायची, दोन शब्दांत, कोणाला काही कळू न देता.

अल्लीपूरचा रस्ता ओळखीचा, पण त्या दिवशी तो संपेना. खांदशेकणीचा, म्हणजे बैलांना धुऊन त्यांचे खांदे शेकायचा दिवस. नाल्यावर धुतलेले बैल रस्ताभर पसरून घराकडे चालले होते. मी हॉर्नवर हॉर्न मारत होतो. एकाने मागे वळून म्हटलं, "कायले वाजवता बाप्पा? आज त्याइचा मान हाय." त्या ओल्या पाठींमागे मी पाय टेकत टेकत चालवत राहिलो आणि मनाची समजूत घालत राहिलो. ती घरी जाईल, हातपाय धुईल, स्वयंपाकाला लागेल. गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, आर पडेपर्यंत वाट पाहायची. वेळ आहे.

मग आठवलं की बाळंतिणीच्या घरी आर वेगळा पाडावा लागत नाही. शेकायची शेगडी तिच्या खाटेपाशीच असते. खोलीची खिडकी वारं लागू नये म्हणून बंद. त्यानंतर मी समजूत घालणं सोडलं.

गल्लीत शिरलो आणि लसणाचा वास आला.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो: आगीवर लसणाचा वास म्हणजे हरताळ. आणि बाळंतिणीच्या घरी काय असतं? ओव्याची नि लसणाच्या सालींची धुरी. दाराच्या फटीतून धूर येत होता आणि त्याला लसणाचा वास होता, आणि तो कशाचा हे मला सांगता येत नव्हतं. मी नाक वर करून जनावरासारखा हुंगत उभा राहिलो. कळेना. जी एक खूण डोळे मिटून ओळखेन म्हणत होतो, तीच त्या घराने झाकून टाकली होती.

कांताबाई ओसरीत दुपट्यांच्या घड्या करत होती. "या भाऊ! तुमी अठी कसे काय?"

"मघाची पुडी... माल बदलून द्यायचा होता."

"बदलता कायले? चांगली तर व्हती. पिवळी व्हती, म्हटलं माल येगळा असन."

"आहे कुठे?"

"टाकली ना शेगडीत, आत्ताच, कोरफड लावून. पोट्टीले म्हटलं, ध्यान ठेव, पांढरी झाली का सांगजो."

म्हणजे ती पोरगी त्या शेगडीवर वाकून, खडा पांढरा व्हायची वाट पाहत बसली होती.

मी दाराकडे निघालो. कांताबाई आडवी आली. "अजी, तिकडं कुठी? बाळंतीण हाय. बारसं नाई झालं अजून!"

खोटं कशाला लिहू, तेव्हाही माझ्या जिभेवर 'मापात फरक' हेच आलं. मग आत ती पोरगी खोकली. पुन्हा खोकली.

"ते विष आहे, कांताबाई. माझ्या हातून विष दिलं गेलं. दोघींना बाहेर काढा!"

मला वाटलं ती किंचाळेल. ती किंचाळली नाही. वळली, आत गेली, बाळाला दुपट्यासकट उचलून माझ्या अंगावर जवळजवळ फेकलं आणि लेकीला दंडाला धरून फरफटत आणलं. मी बाळ आवाज ऐकून आलेल्या शेजारणीच्या हातात दिलं, तोंडावर रुमाल दाबून शेगडी ओढत परसात नेली आणि दूर मातीत उपडी केली. निखाऱ्यांतून खडा घरंगळला. कोरफडीचा गर करपून त्याच्यावर काळी साय धरली होती. एका कडेने दगड तापून तांबूस झाला होता, थोडा ओघळलाही होता. त्या ओल्या गराने किती वेळ अडवून धरलं असेल, आणि मी फोन न करून किती वेळ घालवला, हा हिशेब मी नंतर अनेकदा मांडायला बसलो. जमला नाही.

शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही हिंगणघाटला दवाखान्यात आलो. पोरीला वाटेत उलटी झाली. बाळ रडत नव्हतं. त्या साऱ्या रस्त्यात मी दुसरं काही मागितलं नाही, फक्त ते रडावं. डॉक्टर तरुण बाई होत्या. मी दगडाचं नाव सांगितलं, उरलेला तुकडा दाखवला. त्यांनी विचारलं, "धूर किती वेळ गेला?" मी म्हणालो, "माहीत नाही." हे सांगताना माझ्याकडे ना चाकू होता ना टाइल. तोंडानेच सांगावं लागलं.

नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं गेलं, माझा जबाब झाला. दोघींना ठेवून घेतलं, तपासण्या झाल्या. पोरीचा ताप टाके चिघळल्याचा होता, त्यावर औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाल्या, थोडक्यात निभावलं, पण काही महिने दोघींना दाखवत राहा. ते महिने अजून संपलेले नाहीत. तपासणीच्या दिवशी मी दुकानात नुसता बसून असतो. हरताळ दुकानातून गेली. आता कोणी साधी तुरटी मागितली तरी मी विचारतो, "कशाला हवी?" लोक कंटाळतात.

आणि ज्या नावासाठी मी हे केलं, त्याला धक्काही लागला नाही. उलट गावात बोलतात, "चूक कोनाचीबी होते, पन शेठ स्वतः धावत आला." दुकानात येऊन मला हे ऐकवतात. मी मान खाली घालून पुड्या बांधतो, आणि त्यांना तो माझा मोठेपणा वाटतो.

म्हणून पोळ्याच्या सकाळची गोष्ट लिहायची राहिली आहे, ती लिहितो.

दवाखान्याच्या बाकावर कांताबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ दूध पिऊन झोपलं होतं. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला. तोवर ती मला एक शब्द वाकडा बोलली नव्हती. उलट एकदा म्हणाली होती, "तुमी आले म्हनून वाचल्या." मारोतराव घरून चहा घेऊन आले. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. कपात चहा ओतता ओतता म्हणाले, "कालपासून जीवाले घोर लागला बाप्पा. मले का मालूम? भाऊचा फोन आलता मले, मी म्हटलं घरी लावतो, तर नको म्हने."

कांताबाईने मान वर केली. "कधी आलता?"

"दुपारीच. मी कटिंगले बसलो व्हतो."

तिने बोटांच्या पेरांवर वेळ मोजली. मग म्हणाली, "दुपारी तं मी फाट्यावर उतरून राह्यली व्हती. पुडी थैलीतच व्हती."

मग ती माझ्याकडे वळली.

"लावू काऊन नाई देला फोन?"

या वेळी मी सरळ सांगितलं. "गावात माझं नाव खराब होईल म्हणून."

तिने ते ऐकलं. चहाचा कप बाकाखाली ठेवला. मग बाळाला माझ्या बाजूच्या मांडीवरून उचललं, पलीकडच्या मांडीवर घेतलं आणि त्याच्यावर पदर ओढला.